उसनं पीठ



आभार मानून झाले असं समजावं. संमेलनाच्या अध्यक्षाने पहिली दहा मिनिटं ज्येष्ठांचं स्मरण, गावच्या मातीचं कौतुक आणि आपली योग्यता नसल्याची कबुली यांत घालवायची असतात. आजच्या अध्यक्षाला ती दहा मिनिटं भांडणासाठी हवी आहेत. भांडण आधी सिनेमावाल्यांशी आहे, मग या मांडवाशी.

२०२२ सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी फेब्रुवारीत 'पावनखिंड' आला आणि ऑक्टोबरात 'हर हर महादेव'. दोन्हींत बाजीप्रभू देशपांडे, दोन्हींत तीच खिंड, तोफेच्या आवाजाकडे लागलेले तेच कान. मधल्या महिन्यांत 'शेर शिवराज' आणि 'सरसेनापती हंबीरराव' येऊन गेले. तानाजींच्या बाबतीत तेच. अजय देवगणचा 'तान्हाजी' २०२०चा, दिग्पाल लांजेकरांचा 'सुभेदार' २०२३चा. आणि गंमत अशी, की कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला तो १९२३ साली. शंभर वर्षं झाली, आपण त्याच कड्याला तीच घोरपड लावतो आहोत.

शिवाजी महाराजांचा विषय शिळा होत नाही, होणारही नाही. शिळी होते ती फोडणी. तलवार उपसली की चित्र मंदावतं, ढोल वाजतो, कॅमेरा जमिनीलगत सरपटतो, नायक गर्जतो आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. पाचव्या चित्रपटात प्रेक्षकाला गर्जना कुठे येणार ते आधीच ठाऊक असतं. इतिहासातली माणसं भीत होती, चुकत होती, रात्रीतून बेत बदलत होती. पडद्यावर ती जन्मतःच पुतळा होऊन येतात.

पेंटरांचं उदाहरण मात्र इतक्यावर सोडून देता येत नाही. 'सिंहगड' काढणाऱ्या त्याच माणसाने दोन वर्षांत, १९२५ साली, 'सावकारी पाश' काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. कर्जात बुडालेला शेतकरी, सावकाराच्या घशात गेलेली जमीन, पोटासाठी धरलेली शहराची वाट. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते व्ही. शांताराम. सिनेमाला तेव्हा आवाज नव्हता आणि कॅमेरा हाताने फिरवावा लागे. गड जिंकून झाल्यावर हा चित्रकार बांधावर उतरला, कारण त्याला दुसरं काहीतरी सांगायचं होतं. आज 'सिंहगड' चालला असता तर दोन वर्षांनी काय आलं असतं, हे या मांडवातलं शेंबडं पोरही सांगेल. 'सिंहगड २'.

मराठी सिनेमाच्या जाहिराती वाचताना हल्ली पाढे म्हटल्यासारखं वाटतं. 'टाइमपास'चे तीन भाग. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तीन. 'झिम्मा २', 'धर्मवीर २', 'नवरा माझा नवसाचा २', 'दे धक्का २'. यातला मूळ 'दे धक्का' २००८चा, आणि त्याचा सांगाडा 'लिटल मिस सनशाइन' या २००६च्या अमेरिकन चित्रपटाचा. खटारा गाडी, गाडीत कोंबलेलं भांडखोर कुटुंब, स्पर्धेला निघालेली मुलगी. म्हणजे दुसरा भाग हा उसन्याचा पुन्हा उसना.

जगातही हेच चाललंय, असं उत्तर तयार असतं. खरं आहे. २०२४ साली जगभर सर्वाधिक कमाई करणाऱ्या पहिल्या दहा चित्रपटांत कोरी गोष्ट एकही नव्हती. 'इनसाइड आउट २', 'डेडपूल अँड वुल्व्हरिन', 'मोआना २' अशी ती यादी. पण शेजारच्या श्रीमंताच्या घरी शिळं वाढतात म्हणून आपल्या घरचं अन्न ताजं होत नाही.

आता विद्वान उठतील. अहो अध्यक्ष, जगात मुळात गोष्टीच मोजक्या. कालिदासाने शकुंतला महाभारतातून उचलली, शेक्सपिअरने अर्धी नाटकं इकडून-तिकडून घेतली. आपली मराठी रंगभूमी तरी कशावर उभी राहिली? अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८०चं 'शाकुंतल' संस्कृतातून आलं. आगरकरांचं 'विकारविलसित' म्हणजे 'हॅम्लेट', देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'. 'संशयकल्लोळ' तर फ्रान्सच्या मोलिएरकडून इंग्लंडच्या मर्फीकडे आणि तिथून देवलांकडे असा दोन घरं फिरून आलेला. पु. लं.ची 'ती फुलराणी' शॉची.

हे सगळं कबूल. अध्यक्ष उसनवारीच्या विरोधात नाही. शेजारणीकडून वाटीभर पीठ आणण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पीठ आणावं, आपल्या पाण्यात मळावं, आपल्या तव्यावर भाजावं. भाकरीला आपल्या हाताची चव येते. 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव कोणाला परका वाटला? भांडण आहे ते शेजारणीची भाजलेली भाकरी आणून 'घरची' म्हणून वाढण्याशी. हल्ली तर तिचं भांडंसुद्धा बदलत नाहीत.

'पिंजरा' घ्या. १९७२ साली शांतारामबापूंनी तो काढला. मूळ जर्मन चित्रपट 'द ब्लू एंजल', १९३०चा, हाइनरिश मान यांच्या कादंबरीवरचा. शहरातल्या कॅबरेतली गाणारी लोला आणि तिच्यापायी धुळीला मिळालेला शाळामास्तर. एवढं पीठ उसनं. शंकर पाटलांच्या लेखणीने ते तमाशाच्या फडात मळलं, राम कदमांनी ढोलकी दिली, खेबुडकरांनी शब्द दिले. पण खरी करामत पुढे आहे. 'ब्लू एंजल'मधला प्राध्यापक विदूषक होतो, खचतो, जुन्या वर्गातल्या टेबलावर जाऊन मरतो. 'पिंजरा'तल्या मास्तरांच्या कपड्यांत दुसऱ्याचंच प्रेत सापडतं. गाव त्यांना मेलेलं समजतं, आदर्श म्हणून त्यांचा पुतळा उभारतं, आणि अखेर त्याच मास्तरांवर मास्तरांच्या खुनाचा आरोप येतो. स्वतःच्या खुनासाठी फाशी जाणारा माणूस! खरं सांगितलं तर गावाचा आदर्श मरतो, म्हणून तो गप्प राहतो. हे जर्मनीत नव्हतं. पुतळ्यांवर जीव टाकणाऱ्या आणि जिवंत माणसाचं काय चाललंय ते न विचारणाऱ्या आपल्या गावाची नस कोणाला तरी ठाऊक होती, म्हणून ते सुचलं. मास्तर झालेल्या डॉ. लागूंचा तो चेहरा आठवला की लोला झालेल्या डीट्रिचच्या पायांचा विसर पडतो. अध्यक्षाचं हे मत घाईत बनलेलं नाही.

'अशी ही बनवाबनवी'ची तर वंशावळच आहे. १९५५चा बंगाली 'जय मा काली बोर्डिंग', त्यावरून हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा 'बीवी और मकान', त्यावरून १९८८ साली सचिन यांचा मराठी चित्रपट. तीन पिढ्यांची उसनवारी. तरी 'बीवी और मकान' आज कोणाला आठवतो? 'बनवाबनवी'तल्या सत्तर रुपयांचा हिशेब मात्र त्या सालानंतर जन्मलेली पोरं तोंडपाठ म्हणून दाखवतात. कारण वसंत सबनीसांनी भाषांतर केलं नाही. पुण्यातली भाड्याची खोली, खोली देताना भाडेकरूची सात पिढ्यांची चौकशी करणारा मालक, नोकरीसाठी गाव सोडून आलेला एकटा पुरुष आणि 'लग्न झालेलं आहे का?' हा त्याला जागोजागी आडवा येणारा प्रश्न, हे सगळं सबनीसांनी इथलं घातलं. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे हसवतो, पण त्या हसण्याखाली शहरात जागा न मिळण्याची कासाविशी आहे. ती कासाविशी उसनी आणता येत नाही.

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३चा. अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'मधला खुनी बाहुला त्यांनी उचलला, पण रामदास पाध्यांच्या हातून त्यात तात्या विंचू शिरला आणि तो थेट आपल्या गल्लीतला झाला. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' २००५चा. 'फॉलिंग डाउन'मधल्या लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीत अडकलेला माणूस त्यांनी लोकलच्या डब्यात कोंबला आणि माधव आपटे तयार झाला. पाणी वेळेवर न येणाऱ्या, शाळेसाठी देणगी मागितल्या जाणाऱ्या घरातला माणूस. मराठीतला हा माणूस पुढे तमिळमध्येही गेला.

याच कामतांचं पुढे काय झालं? हे बोलताना जीभ जड होते, कारण ते २०२० साली अकाली गेले. हिंदीत त्यांनी 'मुंबई मेरी जान' केला, २००६च्या लोकल स्फोटांनंतरच्या शहराबद्दलचा, स्वतःचा. पुढे २०११चा 'फोर्स' आला, तो तमिळ 'काखा काखा'चा रिमेक. २०१५चा 'दृश्यम' मल्याळमचा. २०१६चा 'रॉकी हँडसम' कोरियन चित्रपटाचा. कसब त्यांच्याकडे होतंच. गोव्यातला विजय साळगावकर त्यांनी झकास उभा केला. पण ज्याने डोंबिवलीचा माणूस पडद्यावर आणला, त्याच्यापुढे बाजाराने पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या घरची भाजलेली भाकरी ठेवली. ही जखम एकट्या कामतांची नाही, आणि दोष कामतांचा तर नाहीच.

उलट दिशेचा हिशेबही मांडू. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली, हिंदी अशा पाच भाषांनी तो विकत घेतला. मराठीला अभिमान वाटावा अशी गोष्ट. मग २०१८चा हिंदी 'धडक' पाहावा. करमाळ्याकडची विहीर गेली, उदयपूरचे महाल आले. उसाच्या फडातून ट्रॅक्टर आणि बुलेट दामटणारी आर्ची गेली, एक नाजूक राजकन्या आली. हैदराबादेतल्या झोपडपट्टीऐवजी कोलकाता. 'सैराट'मध्ये वर्गात कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत पाटलाचा पोरगा मारतो. त्या एका थपडेत सगळी गावकी येते. 'धडक'मध्ये जात कुजबुजीपुरती उरली. शेवटी 'सैराट'ने रडणाऱ्या पोराच्या रक्ताने माखलेल्या पावलांवर, आवाज बंद करून, प्रेक्षकाला सोडून दिलं होतं. 'धडक'ने शेवटही बदलला. हक्क रीतसर घेतले, पैसे मोजले, गाण्यांच्या चालीसुद्धा नेल्या. फक्त चित्रपट न्यायचा राहिला.

इथे कायद्याची एक गोष्ट. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात निकाल दिला. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक; त्यावरून 'न्यू देल्ही' हा १९५६चा चित्रपट उचलला, अशी त्यांची तक्रार. न्यायालय म्हणालं, नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. मालकी मांडणीवर असते. निकाल योग्यच होता. पण चतुरांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: कल्पना उचला, मांडणीत चार खिळे इकडचे तिकडे करा. वर्षानुवर्षं हिंदी सिनेमाने परदेशी चित्रपट असेच पचवले. हॉलिवूडच्या कंपन्या मुंबईत कचेऱ्या थाटून उच्च न्यायालयात येऊ लागल्या, तेव्हा कुठे चोरीची जागा करारपत्राने घेतली. हातात कागद आला. डोक्यात गोष्ट यायची ती आलीच नाही.

कारण गोष्टीची मागणीच कोण करतंय? निर्मात्याच्या कचेरीत नरेशनला गेलेल्या लेखकाला पहिला प्रश्न येतो, 'रेफरन्स काय?' म्हणजे हे कशासारखं आहे? 'कशासारखंच नाही' असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. दुसरा प्रश्न, 'कोण आहे यात?' गोष्टीत नव्हे, पोस्टरवर. हिशेब साधा आहे. जिथे एकदा धंदा झाला तिथे पुन्हा होईल. रिमेकचे हक्क म्हणजे विम्याचा हप्ता. नटाचे पैसे आधी, मग गाण्यांचे, मग प्रसिद्धीचे, आणि लेखकाचे 'बघू पुढच्या महिन्यात'. १९७३ साली 'जंजीर'च्या पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी म्हणे स्वतः रंगारी पाठवून मुंबईभर आपली नावं लिहून घेतली. पन्नास वर्षं उलटली तरी बहुतेक लेखकांना तो रंगारी अजून हवाच आहे.

या विम्याचंही हल्ली खरं नाही. पूर्वी तेलुगू चित्रपट नाशिकच्या प्रेक्षकापर्यंत पोचत नसे. आता मूळ चित्रपट त्याने फोनवर, हिंदी डबिंगमध्ये, आंघोळीला जाता जाता पाहिलेला असतो. २०२२चा हिंदी 'विक्रम वेधा' मूळ तमिळच्याच दिग्दर्शकांनी केला, 'जर्सी' मूळ तेलुगूच्याच दिग्दर्शकाने, दोन्ही आपटले. २०२३चे 'सेल्फी' आणि 'शहजादा' त्यांच्याच वाटेने गेले. आमिर खानचा 'लालसिंग चढ्ढा'ही सुटला नाही.

मात्र अध्यक्ष लबाडी करणार नाही. रितेश देशमुख यांचा 'वेड' तेलुगू 'मजिली'वरून आला आणि धो धो चालला. तेव्हा उसनं आणलं की पडतं, असा भाबडा युक्तिवाद इथे नाही. चालतं. दारूचं दुकानही चालतं. चालण्याने फक्त चालल्याचं सिद्ध होतं.

आता मांडवाकडे वळू. इतका वेळ टाळ्या वाजवल्यात, त्या जरा जपून ठेवा.

२०१५ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' प्रदर्शित झाला. त्याआधीच व्हेनिसला त्याचा गौरव झाला होता. पुढे ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं जबाबदार धरणारा खटला. वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. कशावरूनही न घेतलेली गोष्ट, आपल्या मुंबईतली, आपल्या भाषेतली. तिकीट काढून थिएटरात कोणी पाहिला? हात वर करा. अध्यक्ष मोजतो आहे. बरं, असू द्या. 'बनवाबनवी' किती वेळा पाहिला ते विचारत नाही, हात खाली घ्यायला वेळ लागेल.

मराठीला पडदे मिळत नाहीत, रात्री साडेदहाचे खेळ मिळतात, हे अगदी खरं. प्राइम टाइमच्या सक्तीसाठी २०१५ साली सरकारला उतरावं लागलं. पण पडदा मिळालेल्या दिवशी आपण कुठे होतो?

आणि साहित्यिकहो, आपण कुठे होतो? खांडेकरांनी १९३६ साली 'छाया' लिहिला, पडद्यासाठी लिहिला, आणि त्यांचं काही बाटलं नाही. अत्र्यांनी 'ब्रह्मचारी' लिहिला, 'श्यामची आई' काढून पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक आणलं. गदिमांनी पटकथांचे ढीग लिहिले. तेंडुलकर 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' लिहीत होते तेव्हा नाटककाराचं सोवळं मोडतंय अशी ओरड त्यांनी ऐकली नसेल असं नाही. पण ते थांबले नाहीत. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही एक कथा. तेंडुलकरांनी तिची पटकथा केली आणि १९८३ साली गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' झाला. हिंदी सिनेमातला पोलीस त्या दिवशी बदलला. एका मराठी कथेने हे केलं.

आज या मांडवात किमान चाळीस कथालेखक बसले असतील. त्यातल्या किती जणांनी पटकथा कशी लिहितात हे शिकून घेतलं? सिनेमावाले वाचत नाहीत, ही तक्रार चहाच्या रांगेत कालपासून चालू आहे. ते वाचत नाहीतच. पण आपणही त्यांच्या दारात गोष्ट घेऊन जात नाही, आणि गेलोच तर 'रेफरन्स काय' ऐकून मान खाली घालून परत येतो किंवा, हे जास्त वाईट, घरी येऊन रेफरन्स शोधायला बसतो. दुष्काळी तालुक्यातला टँकरवाला, द्राक्षबागेत औषध फवारणारी बाई, स्पर्धा परीक्षेच्या खोलीत तिशी ओलांडलेला पोरगा, एसटीच्या डेपोतला रात्रपाळीचा कंट्रोलर; यांच्यावर कोरियात चित्रपट येण्याची वाट पाहायची का? म्हणजे मग राइट्स घेता येतील.

ठरावांकडे येऊ. मसुद्यात यंदा अकरा ठराव आहेत. सहाव्या ठरावात एकूणच मराठी चित्रसृष्टीच्या 'देदीप्यमान वाटचाली'बद्दल अभिनंदन आहे. त्या ठरावावर अध्यक्ष सही करणार नाही, हे कार्यवाहांना सकाळीच सांगितलं आहे. त्या जागी दुसरा ठराव मांडतो. शासनाचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाने एकूण खर्चापैकी कथा आणि पटकथेवर किती रुपये खर्च झाले ते श्रेयनामावलीत, लेखकाच्या नावाशेजारी, अंकांत आणि अक्षरांत छापावं. गोष्ट कुठून घेतली असेल तर मूळ लेखकाचं नाव त्याच आकाराच्या अक्षरांत. हरकत असेल त्यांनी खुशाल उठावं. भांडायलाच आलो आहोत.

ठरावाला अनुमोदक लागतो. पहिल्या रांगेतल्या निर्मात्यांपैकी कोणी तयार असेल तर उत्तमच. नाव जेवणाआधी कार्यवाहांकडे द्यावं. पंगत साडेबाराला बसते.